‘लावायचे’ आणि ‘लावल्याचे’



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की तो बोनसवर, महागाईभत्त्यावर, नाही तर नव्या कामगार संहितांवर बोलणार असे श्रोत्यांनी धरून चाललेले असते. आज मी इंग्रजी व्याकरणावर बोलणार आहे, आणि त्यातल्याही एका लहानशा कोपऱ्यावर. इंग्रजीत एका क्रियापदाच्या पाठोपाठ दुसरे क्रियापद आले, म्हणजे त्या दुसऱ्याच्या आधी ‘टु’ घालायचे की त्याच्या शेवटी ‘इंग’ जोडायचे? ‘टु गो’ म्हणायचे की ‘गोइंग’? शास्त्री लोक एकाला इन्फिनिटिव म्हणतात आणि दुसऱ्याला जेरंड. मी आपला ‘टु’ आणि ‘इंग’ एवढेच म्हणत जाईन.

विषय असा का घेतला ते सांगतो. माझे इंग्रजी शाळेतले नाही. आरोपपत्रे, नोटिसा, करारांचे मसुदे आणि न्यायाधिकरणांचे निवाडे शेजारी शब्दकोश ठेवून वाचले, त्यातून जे आले ते माझे इंग्रजी. अशा रीतीने शिकणाऱ्याला एक फायदा असतो. कोणत्या चुकीला किती किंमत पडते, हे त्याला चटकन कळते. ‘अ’ आणि ‘द’ यांचा घोटाळा झाला, तर वाचणारा गालातल्या गालात हसतो आणि अर्थ समजून घेतो. स्पेलिंग चुकले तरी तेच. पण ‘टु’ आणि ‘इंग’ यांची अदलाबदल झाली तर पुष्कळदा कोणी हसत नाही, कारण वाक्य अगदी शुद्ध दिसते. फक्त ते आपल्याला सांगायचे त्याहून वेगळेच काही सांगत असते.

एक खुलासा माझ्या चांगला लक्षात आहे. एका कारखान्याच्या स्टोअरमधून काही माल गेला. त्या रात्रीच्या पाळीला स्टोअरवर असलेल्या कामगाराला आरोपपत्र मिळाले. ते इंग्रजीत होते, म्हणून उत्तरही इंग्रजीतच गेले पाहिजे असे त्या भल्या माणसाने ठरविले, आणि संघटनेकडे येण्याआधी घरी मुलाला बसवून चार ओळी लिहून दिल्या. त्याला म्हणायचे होते, ‘त्या रात्री स्टोअरला कुलूप लावल्याचे मला आठवत नाही.’ घटनेला तीन आठवडे होऊन गेले होते. रोज हाताखालून जाणारी गोष्ट एका विशिष्ट रात्री केली की नाही, हे तुम्हा-आम्हालाही सांगता यायचे नाही. मुलाने लिहिले : ‘आय डू नॉट रिमेंबर टु लॉक द स्टोअर.’ चौकशी अधिकाऱ्याने ते वाचले आणि इंग्रजीत त्याचा जो अर्थ होतो तोच घेतला : ‘स्टोअरला कुलूप लावायची मला आठवण राहत नाही.’

पाहा, काय झाले. एका रात्रीची गोष्ट होती ती रोजची सवय झाली, आणि तीही कामगाराच्या स्वतःच्या सहीनिशी! १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखाली केंद्र सरकारने जे नमुन्याचे स्थायी आदेश केले होते, त्यांतली गैरवर्तनाची यादी आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. तिच्यात नुसता हलगर्जीपणा नव्हता, तर ‘सवयीचा’ हलगर्जीपणा होता. नेमका तो शब्द मालकाने न लिहिता कामगाराने आपल्या हाताने पुरविला. ‘टु लॉक’ऐवजी ‘लॉकिंग’ असते, तर त्या वाक्याने कोणाचे काही बिघडले नसते. पुढे आम्ही मराठीतून नवा खुलासा दिला, मूळ वाक्याचा अर्थ समजावून सांगितला, आणि नोकरी राहिली. पण मध्ये दोन महिने निलंबनात गेले ते गेलेच.

आपल्यापैकी कोणी विचारील, की मराठीतच का लिहीत नाहीत? रास्त प्रश्न आहे. त्याच १९४६ च्या कायद्याने, स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत फलकावर लावले पाहिजेत, असे बंधन मालकावर घातले होते. खुलासा मराठीत दिला म्हणून परत केल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. तरीही माणूस इंग्रजीत लिहितो, कारण इंग्रजी कागदाला इंग्रजीने उत्तर दिले म्हणजे आपली पत राहते, असे त्याला वाटते. मी त्याला हसत नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची गाऱ्हाणी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवली, तेव्हापासून बोलणाऱ्याची भाषा एक आणि ऐकणाऱ्याची दुसरी हा प्रकार चालत आलेला आहे. तो एका व्याख्यानाने थांबणार नाही. तेव्हा इंग्रजी लिहायचेच तर ते आपल्याला हवे तेच सांगणारे कसे लिहावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता या गोंधळाचे मूळ कोठे आहे? माझ्या मते ते ‘णे’ या दोन मात्रांच्या अक्षरात आहे. शाळेत आपण पाठ करतो : ‘टु स्विम’ म्हणजे पोहणे. पुढे कळते, की ‘स्विमिंग’ म्हणजेही पोहणे. शब्दकोश उघडला तर तेथेही सगळी क्रियापदे ‘णे’ लावून ओळीने उभी. साहजिकच मुलाच्या मनात बसते, की दोन्ही एकच. ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यावे. मग व्याकरणाचे पुस्तक त्याच्यापुढे दोन याद्या टाकते. या क्रियापदांपुढे ‘टु’, त्या क्रियापदांपुढे ‘इंग’, आणि काहींच्या पुढे दोन्ही चालतात पण अर्थ बदलतो. तो बिचारा याद्या घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

पण मराठी माणूस बोलताना ‘णे’ वापरतो तरी किती? आपल्या घरात, स्वारगेटच्या फलाटावर, मार्केट यार्डात नुसते कान देऊन ऐका. बोलायला, बोलायचा, बोलून, बोलत, बोलताना, बोलल्याचे. एकाच धातूला आपण किती शेपट्या लावतो! आणि प्रत्येक शेपटीचा अर्थ वेगळा आहे, हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ‘टु’ आणि ‘इंग’ यांतला भेद आपल्याला नव्याने शिकायचा नाही. तो आपल्या बोलीत आधीपासून आहे. आपण त्याच्यावर ‘णे’चे पांघरूण घातले आहे, ते तेवढे काढायचे.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊ. इंग्रजीत ‘ही स्टॉप्ड टु टॉक’ आणि ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ ही दोन वाक्ये अगदी उलट अर्थाची आहेत. हे समजावून सांगायला पुस्तकात अर्धे पान लागते. मराठीत? ‘तो बोलायला थांबला’ आणि ‘तो बोलायचा थांबला’. एका अक्षराचा फरक. ‘ला’ आणि ‘चा’. पहिल्यात तो चालत होता, ओळखीचे कोणी भेटले, म्हणून पाय थांबले आणि तोंड सुरू झाले. दुसऱ्यात तोंडच बंद झाले. ‘पाऊस पडायचा थांबला’ याऐवजी ‘पाऊस पडायला थांबला’ असे कोणी म्हणेल का? आणि तरीही हाच माणूस अर्जात ‘वी स्टॉप्ड टु वर्क’ लिहून मोकळा होतो. त्याला सांगायचे असते, की आम्ही काम बंद केले. आणि कागद म्हणतो, की आम्ही बाकीचे सगळे सोडून काम करायला उभे राहिलो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली संपाची व्याख्या काम थांबविण्यावर आणि काम पुढे चालू ठेवायला एकजुटीने नकार देण्यावर उभी होती. २०२० च्या संहितेने ती तशीच उचलली, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तीही तिच्यात घातली. एवढी बारकाईने केलेली व्याख्या, आणि आपल्या कागदावर ‘टु वर्क’!

येथे रशियन भाषेची गोष्ट सांगण्याचा मोह होतो. सोव्हिएत काळी मॉस्कोहून मराठीत आणि इंग्रजीत छापलेली स्वस्त पुस्तके आमच्या पिढीतल्या पुष्कळ कार्यकर्त्यांनी वाचली. त्या नादाने मी थोडी रशियनही पुस्तकावरून शिकलो. बोलता येत नाही, पण व्याकरण कसे चालते ते कळते. रशियन माणसाला इंग्रजी शिकताना ही ‘टु’ आणि ‘इंग’ची अडचण आपल्याहून जास्त येते, आणि तिचे कारण मजेदार आहे. त्याच्याकडे ‘थांबणे’ याला दोन वेगळी क्रियापदे आहेत. काम करायचा थांबला, तर ‘पेरेस्ताल’. वाटेत काही करायला थांबला, तर ‘अस्तनवील्स्या’. दोहोंपुढे येणारे रूप मात्र एकच. म्हणजे त्याच्या भाषेत भेद पहिल्या शब्दात असतो, शेपटीत नसतो. त्याला इंग्रजीत पहिला शब्द एकच मिळतो, ‘स्टॉप’, आणि भेद शेपटीत शोधायचा असतो. तेथे पाहायची त्याला सवयच नाही. ‘कुलूप लावल्याचे विसरलो’ हेसुद्धा त्याला ‘मी विसरलो, की मी कुलूप लावले होते’ असे दोन वाक्ये करून सांगावे लागते. आपले तसे नाही. ‘थांबणे’ हे आपलेही एकच क्रियापद, इंग्रजाचेही एकच. आणि दोघेही भेद शेपटीनेच दाखवितात. या बाबतीत पुण्याचा माणूस मॉस्कोच्या माणसापेक्षा लंडनला जवळ आहे.

हे साम्य योगायोगाचे असेल, पण त्याच्या मुळाशी थोडे गेले पाहिजे. इंग्रजीतला हा ‘टु’ मुळात दिशा दाखविणारा शब्द. ‘टु पूना’ म्हणजे पुण्याला, ‘टु लॉक’ म्हणजे कुलूप लावण्याकडे. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत या ‘टु’च्या पुढे येणाऱ्या क्रियापदाला चतुर्थीसारखा प्रत्ययही लागत असे. आणि आपला ‘लावायला’ यातला ‘ला’ कोणता? तोच चतुर्थीचा ‘ला’! ‘लावण्यास’ यातला ‘स’ही तोच. पुण्याला जातो, जेवायला जातो. एक ‘ला’ गावाचा, एक कामाचा. दोन्हीकडे नजर पुढे आहे, गोष्ट अजून व्हायची आहे. ‘इंग’ची कुळी निराळी. जुन्या इंग्रजीत तो क्रियापदापासून नाम करणारा प्रत्यय होता. क्रियेची त्याने एक वस्तू केली. तिला धरता येते, मोजता येते, मनाई करता येते. स्वारगेटच्या एसटी स्थानकावर जा आणि पाट्या वाचा. ‘नो पार्किंग’, ‘नो स्मोकिंग’. ‘नो एंट्री’मध्ये ‘एंट्री’ जशी वस्तू, तशीच ‘पार्किंग’ ही वस्तू. ‘नो टु पार्क’ अशी पाटी जगात कोठे मिळायची नाही.

तर ‘टु’ म्हणजे पुढची दिशा आणि ‘इंग’ म्हणजे समोर असलेली, चालू असलेली किंवा होऊन गेलेली क्रिया, हे सूत्र हाताशी ठेवून आपण पुन्हा कुलपाकडे येऊ. ‘कुलूप लावायचे आठवले’ : आधी आठवले, मग लावले. ‘रिमेंबर्ड टु लॉक’. ‘कुलूप लावल्याचे आठवते’ : आधी लावले, आज आठवते. ‘रिमेंबर लॉकिंग’. ‘ल्याचे’ दिसले, की डोळे मिटून ‘इंग’ लिहावे. एसटीचा वाहक म्हणतो, ‘तिकीट द्यायला विसरलो’. म्हणजे तिकीट दिलेच नाही, ‘फरगॉट टु इश्यू’, आणि तपासणीसाच्या वहीत नोंद. तोच जर म्हणाला ‘तिकीट दिल्याचे विसरलो, म्हणून पुन्हा मागितले’, तर तिकीट दिलेले आहे. दोष असला तर विसराळूपणाचा, पैशाचा नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून हे वाक्य किती वाहकांनी किती वेळा लिहिले असेल! त्यातला ‘द्यायला’ आणि ‘दिल्याचे’ हा फरक म्हणजे नोकरी आणि बडतर्फी यांतला फरक आहे.

चौकशीच्या कामात मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते आपले दोन शब्द : कबूल करणे आणि नाकारणे. या दोहोंची इंग्रजीत फाळणी झालेली आहे, आणि ती फाळणी मराठी शेपटीप्रमाणेच झालेली आहे. ‘पैसे घेतल्याचे कबूल केले’ म्हणजे ‘अ‍ॅडमिटेड टेकिंग’. ‘पैसे देण्याचे कबूल केले’ म्हणजे ‘अग्रीड टु पे’. ‘यंत्र चालविल्याचे नाकारले’ म्हणजे ‘डिनाइड रनिंग’. ‘यंत्र चालविण्यास नकार दिला’ म्हणजे ‘रिफ्यूज्ड टु रन’. पहिला माणूस म्हणतो, मी त्या यंत्राला हातही लावला नाही. दुसरा म्हणतो, हात लावणार नाही. आरोप वेगळा, बचाव वेगळा, शिक्षा वेगळी. आता कल्पना करा, की कामगाराने मराठीत जबाब दिला, ‘जादा पाळी करायचे मी कबूल केले नव्हते’, आणि भाषांतर करणाऱ्या कारकुनाने ‘कबूल’ हा शब्द दिसताच ‘डिड नॉट अ‍ॅडमिट डूइंग ओव्हरटाइम’ असे उतरविले. मूळ वाक्यात करार नाकारला आहे, आणि भाषांतरात लपवाछपवी आली आहे. म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना मी सांगतो, की जबाबाच्या भाषांतरावर सही करण्यापूर्वी दुसरे काही तपासता आले नाही तरी ‘कबूल’ आणि ‘नकार’ यांच्या आसपासच्या शेपट्या तपासा. ‘ल्याचे’ला ‘इंग’ आणि ‘ण्याचे’ला ‘टु’ मिळाला आहे ना, एवढे पाहायला इंग्रजी फारसे लागत नाही.

याच धाग्याने पुढे गेले तर आणखी एक गंमत दिसते. वाटाघाटीच्या टेबलावर जी क्रियापदे लागतात, ती जवळजवळ सगळी ‘टु’ची. मागणे, तयार होणे, वचन देणे, धमकी देणे, ठरविणे, देऊ करणे, नाकारणे : डिमांड, अग्री, प्रॉमिस, थ्रेटन, डिसाइड, ऑफर, रिफ्यूज. साहजिकच आहे, तेथे सगळे बोलणे उद्याचे असते. आणि चौकशीच्या टेबलावरची ‘इंग’ची. कबूल करणे, नाकबूल करणे, आठवणे, पश्चात्ताप होणे. तेथे सगळे बोलणे कालचे. माणूस वाटाघाटीच्या खोलीत बसला आहे की चौकशीच्या, एवढे आठवले तरी अर्ध्याहून अधिक वाक्ये बरोबर येतात. ही गोष्ट मला कोणत्या पुस्तकात सापडलेली नाही. टेबलांवर बसून सापडली.

दोन्ही टेबलांवर चालणारे एक क्रियापद आहे, ‘रिग्रेट’. कंपनीकडून येणारे पत्र ‘वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ अशी सुरुवात करून येते, तेव्हा पुढे काय आहे ते न वाचताही कळते. ‘कळविण्यास खेद वाटतो’. खेद आहे, पण कळविणे चालूच आहे. आता समजा, संघटनेने संपाची नोटीस देताना ‘वी रिग्रेट गिव्हिंग नोटिस’ असे लिहिले. ते होईल ‘नोटीस दिल्याचा आम्हाला खेद होतो’. मालकाच्या वकिलाला याहून गोड वाक्य कोणते वाटेल? संपाच्या पहिल्या कागदावरच माफीनामा!

‘ट्राय’चे प्रकरणही असेच, आणि येथे तर मराठीची शेपटी इंग्रजीहून देखणी आहे. ‘दार उघडायचा प्रयत्न केला’ म्हणजे जोर लावला, बहुधा उघडले नाही : ‘ट्राइड टु ओपन’. ‘दार उघडून पाहिले’ म्हणजे उघडले, आणि त्याने काही उपयोग होतो का ते पाहिले : ‘ट्राइड ओपनिंग’. आपल्या आया-बहिणी स्वयंपाकघरात म्हणतात, ‘थोडा गूळ घालून बघ’. हा शुद्ध ‘ट्राय अ‍ॅडिंग’ आहे. पण आग लागली तेव्हाचा जबाब असला, तर ‘आम्ही पाणी मारून पाहिले’ आणि ‘आम्ही पाणी मारायचा प्रयत्न केला’ यांत केवढे अंतर पडते! एकात पाणी मिळाले आणि आग विझली नाही. दुसऱ्यात कदाचित नळालाच पाणी नव्हते, आणि तो दोष कामगाराचा नाही.

‘गो ऑन’ : ‘बोलत राहिला’ याला ‘वेंट ऑन टॉकिंग’, आणि ‘मग पुढे बोनसवर बोलायला लागला’ याला ‘वेंट ऑन टु टॉक’. ‘मीन’ : ‘मला त्याला दुखवायचे नव्हते’ याला ‘टु’, कारण तेथे इरादा आहे, ‘याचा अर्थ एका दिवसाची मजुरी बुडणे’ याला ‘इंग’. ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ यांना बहुतेक वेळा दोन्ही चालते. त्यांच्यावर वेळ घालवू नये.

याचा अर्थ असा नव्हे, की आपली मराठी जेथे तेथे हात देते. काही ठिकाणी ती आपल्याला खड्ड्यात नेते, तेही सांगितले पाहिजे. ‘मला वाचायला आवडते’ यात ‘आयला’ आहे, म्हणून आपला माणूस ‘आय एन्जॉय टु रीड’ म्हणतो. ते चूक. ‘एन्जॉय’ला ‘इंग’च लागतो, आनंद समोर चालू असलेल्या गोष्टीचा असतो, अशी समजूत करून घ्यावी. उलट ‘लिहून संपविले’ यातला ‘ऊन’ सरळ ‘फिनिश्ड रायटिंग’कडे नेतो, तेथे तक्रार नाही. पण टाळणे, पुढे ढकलणे, सुचविणे, विचारात घेणे, धोका पत्करणे यांची नजर पुढे असूनही इंग्रज त्यांना ‘इंग’ लावतो : अव्हॉइड, पोस्टपोन, सजेस्ट, कन्सिडर, रिस्क. आणि ‘मॅनेज’मध्ये काम पार पडलेले असते, तरी त्याला ‘टु’. मी मघाशी सांगितलेले सूत्र येथे लंगडे पडते. अशी डझनभर क्रियापदे घोकावीच लागतात. एका पोस्टकार्डावर मावतात. त्यांतले ‘सजेस्ट’ पहिले लिहावे, कारण बैठकीच्या वृत्तान्तात ‘युनियन सजेस्टेड टु फॉर्म अ कमिटी’ हे वाक्य हमखास असते, आणि ते हमखास चुकीचे असते.

अपघाताच्या चौकशीविषयी दोन शब्द. स्वारगेटच्या चौकात, जेथून सोलापूर, सातारा आणि शहर अशा तिन्ही बाजूंची वाहने सुटतात, तेथे वाहन चालविणाऱ्याला कधी ना कधी साक्षीदार व्हावे लागते. ‘मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिले’ म्हणजे ‘सॉ हिम क्रॉसिंग’. तो मध्यावर होता, पलीकडे पोचला की नाही याची ग्वाही मी देत नाही. ‘सॉ हिम क्रॉस’ म्हटले, की पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत पाहिले असा अर्थ होतो, आणि उलटतपासणीत वकील पहिले पाऊल विचारतो. व्याकरणकार म्हणतील, हा ‘इंग’ जेरंडचा नाही, निराळा आहे. असेल. साक्षीदाराला दोन्ही ‘इंग’ सारख्याच जपून वापरावे लागतात. आपला ‘ताना’ येथे चोख काम करतो.

शेवटचा खड्डा सर्वांत फसवा आहे, कारण तेथे ‘टु’ असूनही ‘इंग’ लागतो. शब्दयोगी अव्ययापुढे इंग्रजीत नाम हवे, म्हणून ‘परवानगीशिवाय गेल्याबद्दल’ हे ‘फॉर लीव्हिंग विदाउट टेकिंग परमिशन’ होते. येथपर्यंत कोणी सहसा चुकत नाही. पण काही ठिकाणी ‘टु’ हाच ते अव्यय असतो. ‘रात्रपाळी करायला आमची हरकत आहे’ : ‘वी ऑब्जेक्ट टु वर्किंग’. ‘टु वर्क’ नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे. ‘टु’च्या पुढे एखादे साधे नाम घालून पाहावे. ‘ऑब्जेक्ट टु नाइट शिफ्ट’ असे म्हणता येते ना? मग हा ‘टु’ नामाचा आहे, आणि क्रियापद आले तरी त्याचे नाम करूनच आणले पाहिजे. ‘रिफ्यूज टु नाइट शिफ्ट’ म्हणता येत नाही. तो ‘टु’ क्रियापदाचा. हीच परीक्षा ‘यूज्ड टु’ला लावावी. ‘मी पहाटे चारला उठत असे’ म्हणजे ‘यूज्ड टु गेट अप’. ‘मला चारला उठायची सवय आहे’ म्हणजे ‘अ‍ॅम यूज्ड टु गेटिंग अप’. पहिला माणूस आता निवृत्त झाला असावा, दुसरा उद्या पहाटेच्या गाडीवर आहे. पाळी बदलून मागणाऱ्या अर्जात या दोहोंची गल्लत झाली, तर साहेब म्हणणार, की तुला तर सवयच आहे, मग तक्रार कसली?

आणि अर्ज असो, मागणीपत्र असो की स्मरणपत्र, त्याच्या तळाशी आपण हौसेने एक ओळ लिहितो : ‘लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’. हाही तोच नामाचा ‘टु’. ‘लुकिंग फॉरवर्ड टु युवर रिप्लाय’ म्हणता येते, म्हणून पुढे ‘हिअरिंग’ पाहिजे. उत्तर यायचे ते ‘हिअर’ लिहिले तरी येते, आणि ‘हिअरिंग’ लिहिले तरी पुष्कळदा येत नाही, तो भाग वेगळा.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे.